एक पडदा की दहा पडदे: लढतीच्या आणि नेमबाजीच्या खेळांतले कौशल्य

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक रुपयाचे नाणे टाकून ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा लढतीचा खेळ खेळलेल्या आणि पुढे काही वर्षांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ हा नेमबाजीचा खेळ खेळलेल्या आमच्या पिढीला या दोन खेळप्रकारांतला मुख्य फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही, कारण तो बसण्या-उभे राहण्याच्या पद्धतीतच होता. पार्लरमध्ये मशीन एक, पडदा एक, आणि त्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघे. माझा गडी कुठे आहे, तुझा कुठे आहे, कुणाची किती शक्ती उरली आहे, हे दोघांनाही सारखेच दिसत असे. सायबर कॅफेत मात्र प्रत्येकाचा संगणक वेगळा, आणि तिथली मोठ्यातली मोठी भांडणे ‘माझी स्क्रीन बघू नकोस’ यावरून होत. शेजाऱ्याचा पडदा पाहणे ही तिथली खरी चोरी मानली जाई. पार्लरमध्ये अशी चोरी करताच येत नसे, कारण चोरण्यासारखे काही लपवलेलेच नसे.

या दोन प्रकारांतले कौशल्य कशात आहे, याविषयी खेळणाऱ्यांमध्येही दोन ठाम समजुती आढळतात. नेमबाजीचे खेळ म्हणजे चपळ हात आणि तीक्ष्ण नजर, ही एक; आणि लढतीचे खेळ म्हणजे पाठ केलेली बटणे, ही दुसरी. दोन्हींत तथ्याचा अंश आहे, पण वरच्या पातळीवर जिंकणारा खेळाडू ज्या गोष्टीमुळे जिंकतो ती दोन्ही समजुतींतून निसटते. ती गोष्ट म्हणजे न दिसणाऱ्याचा अंदाज. लढतीच्या खेळात समोरच्याचे मन तेवढे झाकलेले असते, तर नेमबाजीच्या खेळात समोरचा माणूसच झाकलेला असतो. या एका फरकातून दोन्हींचे डावपेच, वेळेचे गणित, सरावाची पद्धत हे सारे वेगवेगळे घडत जाते.

आधी लढतीचे खेळ घेऊ. ‘स्ट्रीट फायटर’सारखा खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. त्यातल्या एका चित्राला खेळाडू ‘फ्रेम’ म्हणतात, आणि एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. या खेळातल्या प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: हात उगारण्याचा काळ, फटका प्रत्यक्ष लागू शकतो तो काळ, आणि हात मागे घेऊन पुन्हा सावरण्याचा काळ. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये झटपट ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे बटण दाबल्यापासून सुमारे ६७ मिलिसेकंदांत. माणसाने डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. हिशेब सरळ आहे. तो ठोसा पाहून अडवणे जगातल्या कुठल्याही माणसाला जमणार नाही. ज्याने तो अडवला, तो ठोसा निघण्याआधीच बचावात उभा होता.

मग सतत बचावातच का उभे राहू नये? कारण बचावात उभ्या असलेल्याला पकडून आपटता येते, आणि ही पकडही पाच फ्रेममध्ये होते, म्हणजे तीही पाहून टाळण्याजोगी नाही. पकड चुकवायला उडी मारावी, तर हवेत गेलेल्याला खालून वर जाणारा फटका बसतो. फटका, बचाव, पकड आणि उडी यांचे हे चक्र लहान मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखे आहे, असे नेहमी सांगितले जाते. ही तुलना अर्धीच खरी आहे. दगड-कागद-कात्रीत कशानेही हरलात तरी नुकसान सारखेच असते, इथे मात्र प्रत्येक चुकीची किंमत वेगळी असते. पकडीत सापडलात तर थोडी शक्ती जाते. पण पकडीच्या भीतीने उडी मारायला गेलात आणि समोरच्याने ते ओळखले, तर फटक्यांची पुरी साखळी, म्हणजे कॉम्बो, अंगावर येऊ शकतो. म्हणून शहाणा खेळाडू अनेकदा पकड मुकाट्याने सोसतो. समोरच्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो पकडी वाढवतो, आणि एका क्षणी सोसणाऱ्याला आता पुरे असे वाटते. त्या क्षणाचा अंदाज ज्याला अचूक बांधता येतो तो चांगला खेळाडू. नुसत्या नशिबाचा खेळ असता तर तीच ती माणसे वर्षानुवर्षे अंतिम आठांत दिसली नसती.

पाहून प्रत्युत्तर देता येईल असे फटकेही या खेळात आहेत, आणि त्यांतच मनावरच्या भाराचे तत्त्व स्पष्ट दिसते. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा दणका लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे जवळजवळ ४३० मिलिसेकंद. त्यावर उपाय सोपा आहे: तोच दणका आपणही मारायचा. सरावाच्या खोलीत, आता हाच फटका येणार हे ठाऊक असताना, नवशिकाही बहुतेक वेळा तो परतवतो. प्रत्यक्ष सामन्यात तोच फटका मुरलेल्या खेळाडूंनाही लागतो, कारण त्या वेळी त्यांचे डोळे एकाच गोष्टीची वाट पाहत नसतात. उडी येईल का, पुढे झेप घेईल का, खालच्या लाथेने पाय काढेल का, अशा चार शक्यता डोक्यात असल्या की पाचवीला उत्तर द्यायला मेंदू अडखळतो. म्हणून मुरलेला खेळाडू आधी दोन-तीन वेळा उड्या मारून समोरच्याचे लक्ष वर बांधून ठेवतो आणि मगच खालून जातो. त्या उड्यांनी काही मिळवायचे नसते. त्या समोरच्याचे लक्ष खर्च करायला लावतात.

इथे ‘पाळी’ ही कल्पनाही समजून घ्यायला हवी, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही एकाच वेळी बटणे बडवत आहेत असे वाटते. समजा माझा फटका तुम्ही अडवला आणि त्यानंतर मी तुमच्यापेक्षा दोन फ्रेम उशिरा सावरतो. आता दोघांनीही लगेच चार फ्रेमचा ठोसा मारला, तर तुमचा चौथ्या फ्रेमला लागेल आणि माझा सहाव्याला लागला असता. म्हणजे माझा लागणारच नाही. पाळी तुमची आहे. तरीही मी ठोसा मारला तर मी पाळी चोरायचा प्रयत्न करतो आहे, आणि तुम्ही क्षणभर थांबाल असा माझा होरा आहे. बुद्धिबळात पाळी नियमाने ठरते. इथे ती या फ्रेमच्या हिशेबाने ठरते आणि ती मोडण्याची मुभा मात्र दोघांनाही कायम असते. अशी शेकडो फटक्यांची कोष्टके खेळाडू पाठ करतात, ती यासाठी.

या साऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००४ सालचे आहे. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झालेल्या ‘इव्हो’ या लढतीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’च्या सामन्यात जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. दाइगो खेळवत असलेल्या केन या पात्राची शक्ती जवळजवळ संपली होती. या खेळात विशेष फटका अडवला तरी थोडी शक्ती झिजते, म्हणजे वाँगच्या चुन-ली या पात्राने आपला महाफटका सोडला असता तर अडवूनही केन मेला असता. एकच वाट उरली होती. या खेळात फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी काठी, म्हणजे जॉयस्टिक, पुढे, म्हणजे फटक्याच्याच दिशेने, ढकलली तर तो शक्ती न झिजता झेलला जातो. वेळ चुकली तर फटका पुरता लागतो. वाँगने १५ लाथांचा महाफटका सोडला आणि दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा झेलल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि खाली येताच आपल्या कॉम्बोने चुन-लीला संपवले.

ही चित्रफीत पाहणारे बहुतेक जण दाइगोच्या बोटांचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला त्यातली मोठी गोष्ट पहिल्या लाथेत दिसते. बाकीच्या चौदा लाथांची लय ठरलेली असते आणि ती सरावाने बोटांत बसवता येते. तबल्याचा कायदा हातात बसतो तशी. पहिली लाथ मात्र इतकी झटकन येते की ती पाहून ठरवायला वेळच नसतो. वाँग आता महाफटका सोडणार, याच अंतरावरून आणि याच सुमारास, हे दाइगोने आधी ताडले होते. पडद्यावर त्याला जे दिसत होते तेच सभागृहातल्या प्रत्येकाला दिसत होते.

या खेळांत अज्ञात असते ते माणसात, याचा दुसरा पुरावा लाहोरने दिला. २०१९च्या फेब्रुवारीत जपानच्या फुकुओकातल्या ‘इव्हो जपान’ स्पर्धेत ‘टेकन ७’ या लढतीच्या खेळाचे विजेतेपद पाकिस्तानच्या अर्सलान सिद्दिकी ऊर्फ ‘अर्सलान ॲश’ने जिंकले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगसच्या मुख्य ‘इव्हो’च्या अंतिम फेरीत त्याने दक्षिण कोरियाच्या ‘नी’ या नावाजलेल्या खेळाडूला हरवले. ‘टेकन’ म्हटले की तोवर कोरिया आणि जपान हीच नावे घेतली जात. लाहोरची मंडळी आपापसात खेळून तयार झाली होती. बाहेरच्यांनी त्यांच्याविरुद्ध खेळण्याचा सरावच केलेला नव्हता. तोच खेळ, तीच पात्रे, तीच कोष्टके, पण कोणत्या क्षणी काय करायचे याच्या सवयी वेगळ्या. अर्सलानच्या सवयी वाचायला कुणाला वेळ मिळालाच नाही, निदान त्या पहिल्या स्पर्धेत.

आता पडदे वेगळे करू. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात बदल करून दोन हौशी निर्मात्यांनी बनवला, आणि आजही नेमबाजीच्या स्पर्धांचे मोजमाप त्यावरून होते. पाच जण हल्ला करतात, पाच बचाव करतात. हल्लेखोरांनी दोनपैकी एका ठिकाणी बॉम्ब ठेवायचा, बचाव करणाऱ्यांनी तो ठेवू द्यायचा नाही किंवा ठेवल्यावर निकामी करायचा. एका फेरीला १ मिनिट ५५ सेकंद, आणि २०२३ साली आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये जो आधी १३ फेऱ्या जिंकेल त्याचा तो नकाशा, म्हणजे त्या मैदानावरचा डाव. मेलेला माणूस त्या फेरीत परत येत नाही.

नेमबाजीविषयीचा गैरसमज इथे मोडावा लागतो. नवशिक्याला वाटते की चांगला नेमबाज माऊस वेगाने फिरवतो. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूचा पडदा पाहिला तर माऊस जेमतेम हललेला दिसतो. तो चालतानाच निशाणीचा बिंदू, ज्याला सगळे ‘क्रॉसहेअर’ म्हणतात, डोक्याच्या उंचीवर आणि शत्रू जिथून निघू शकतो त्या कोपऱ्याच्या कडेला धरून ठेवतो. शत्रू निघाला की बिंदू आधीच तिथे असतो, फक्त बटण दाबायचे. अर्थात, कोणता कोपरा आणि किती अंतर सोडून, हे ठरवायला शत्रू कुठे असेल याचा अंदाज लागतोच. म्हणजे नेमबाजीचा निम्मा भाग गोळी सुटण्याआधीच होऊन गेलेला असतो. उरलेल्या निम्म्यात हाताचे काम आहे, आणि ते सोपे नाही: धावताना झाडलेली गोळी भरकटते, म्हणून झाडण्याआधी उलट दिशेची कळ दाबून जागच्या जागी थांबावे लागते, आणि बंदुकीचा धक्का ठरावीक आकृतीत वर-आडवा जातो, तो माऊस उलट दिशेने ओढून मारावा लागतो.

इंटरनेटवरच्या सामन्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. कोपऱ्याआडून बाहेर पडणाऱ्याला आपल्या पडद्यावर समोरचा लगेच दिसतो, पण तो बाहेर पडला ही बातमी सर्व्हरमार्गे वाट पाहणाऱ्याच्या संगणकावर पोहोचायला थोडा वेळ जातो. तेवढे मिलिसेकंद बाहेर पडणाऱ्याच्या पदरात पडतात. म्हणून ‘दबा धरून बसलेला सुरक्षित’ हा व्यवहारातला समज इथे पुरता चालत नाही, आणि मुरलेला बचावपटू एका जागेवरून एकदा गोळी झाडून लगेच जागा बदलतो.

माहिती लपवणे, मिळवणे आणि खोटी पसरवणे हाच या खेळाचा गाभा आहे. धावले की पावलांचा आवाज होतो, हळू चालले की होत नाही. म्हणजे वेग हवा असेल तर आपला ठावठिकाणा सांगावा लागतो. धुराचा बॉम्ब वाट बंद करतो, म्हणजे दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांसमोर थोड्या वेळापुरती भिंत उभी करतो. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये स्फोटक बॉम्ब टाकून त्या धुरात क्षणभर खिडकी पाडता येते. डेन्मार्कच्या ‘ॲस्ट्रॅलिस’ संघाने २०१७ ते २०१९ या काळात चार ‘मेजर’ विजेतेपदे, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकली, ती चांगल्या नेमबाजीच्या बळावर तर होतीच, पण त्या संघाची खरी ओळख हे धुराचे, चकाकीचे आणि आगीचे बॉम्ब कोणी कुठून कधी टाकायचे याच्या काटेकोर बांधणीमुळे झाली. त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्याला अनेकदा गोळी झाडण्याजोगे काही दिसतच नसे.

त्यात भर शस्त्रे विकत घ्यायच्या, खेळातल्याच पैशाची. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. हल्लेखोरांची एके-४७ रायफल २,७०० डॉलरची, शिरस्त्राणासह चिलखत १,००० चे, आणि दुरून एका गोळीत मारणारी ‘ऑप’ रायफल ४,७५० ची. हरणाऱ्यालाही सलग हारीनुसार १,४०० पासून ३,४०० पर्यंत भरपाई मिळते. म्हणून कधी कधी पाचही जण ठरवून जवळजवळ काही विकत घेत नाहीत, ती फेरी सोडून देतात आणि पुढच्या फेरीत पुऱ्या शस्त्रांनिशी उतरतात. याला ‘इको’ म्हणतात. समोरच्या संघाच्या खिशात किती पैसे उरले असतील याचा हिशेब संघाचा कर्णधार फेरीगणिक डोक्यात ठेवतो, कारण त्यावरून येणारा हल्ला पिस्तुलांचा असेल की रायफलींचा हे कळते. लढतीच्या खेळात शक्तीची पट्टी दोघांना समोर दिसते. इथे शत्रूची पुंजीही अंदाजानेच मोजावी लागते.

हे सगळे एका छोट्या प्रसंगात एकवटलेले पाहायचे असेल तर फेरीच्या शेवटी उरलेल्या दोघांकडे पाहावे. बॉम्ब ठेवला गेला आहे, ४० सेकंदांत फुटेल. एक हल्लेखोर कुठेतरी लपला आहे, एक बचावपटू बॉम्बपाशी आला आहे. किती सेकंद उरले हे पडद्यावर लिहिलेले नसते. बॉम्बचा बीप-बीप आवाज जलद होत जातो त्यावरून मोजायचे. निकामी करायला नुसत्या हातांनी १० सेकंद लागतात, ४०० डॉलरचा संच असेल तर ५. बचावपटू हात लावतो आणि तो आवाज लपलेल्याच्या कानावर पडतो. आता त्याने बाहेर पडायचे का? लगेच पडला आणि समोरच्याने नुसता आवाज करून हात काढून घेतला असेल, तर तो रोखलेल्या बंदुकीसमोर चालत जाईल. थांबला आणि समोरच्याकडे संच असेल, तर पाच सेकंदांत फेरी गेली. संच आहे की नाही? फेरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे किती पैसे होते? मेलेल्या साथीदाराचा संच त्याने उचलला असेल का? बचावपटूलाही हे प्रश्न ठाऊक असतात, म्हणून तो एकदा खोटा हात लावतो, दुसऱ्यांदाही खोटा लावतो, आणि तिसऱ्यांदा खरा. मध्येच हात काढला की झालेले काम वाया जाते, त्यामुळे प्रत्येक खोटेपणाची किंमत सेकंदांत मोजावी लागते. २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या याच धर्तीच्या खेळामध्ये अर्धे काम झाले की ते टिकून राहते, आणि एवढ्याशा नियमाने तिथला हाच प्रसंग बराच वेगळा खेळला जातो.

हा प्रसंग वाचताना पकडीची आणि उडीची आठवण झाली असेल, तर ती बरोबरच आहे. दोघेच उरले की नेमबाजीचा खेळही लढतीच्या खेळासारखा होतो. फरक इतकाच की तिथे पाव सेकंदात मिटणारा प्रश्न इथे पाच सेकंद ताणला जातो, आणि मध्ये एक भिंत असते.

सरावाची तऱ्हा मात्र अगदी निराळी. लढतीचा खेळाडू तासन्‌तास एकटा सरावाच्या खोलीत बसून एकच साखळी घोटतो, आणि हरला तर दोष द्यायला शेजारी कोणी नसते. हा एकटेपणा अनेकांना पेलत नाही, आणि ज्यांना पेलतो ते फार लवकर प्रामाणिक होतात. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या खेळाडूला एकट्याने नेम सुधारता येतो, पण ‘दोघे दिसले, तिसऱ्याचा आवाज मागून’ ही बातमी एका श्वासात, घाबरून न जाता, साथीदारांना सांगण्याची सवय फक्त संघातच लागते. मी पाहिलेले कितीतरी उत्तम नेमबाज याच ठिकाणी अडकले. ते मरताना गप्प राहत, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी पाहिलेलेही जाई.

या फरकाची शेवटची खूण प्रेक्षकांत दिसते. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मोठ्या सामन्यात प्रेक्षकांना पडद्यावर भिंतीपलीकडचे खेळाडूही रेखाकृतींनी दाखवले जातात, त्यामुळे त्यांना मैदानावरच्या दहांपैकी कोणाहीपेक्षा जास्त माहिती असते. कोपऱ्याआड शत्रू उभा आहे आणि खेळाडू बेसावध चालतो आहे असे दिसले की सभागृहात आपसूक गलका होतो, आणि तो गलका हीसुद्धा बातमीच असते. म्हणून खेळाडूंच्या कानांवर बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन चढवतात, काही ठिकाणी तर त्यांना काचेच्या बंद खोल्यांत बसवतात. लढतीच्या स्पर्धांत दोघे शेजारी शेजारी बसतात आणि गर्दी त्यांच्या पाठीमागे, ओरडत. तिला ओरडून सांगण्यासारखे, त्या दोघांना दिसत नाही असे, काहीच ठाऊक नसते. पोमोनाच्या त्या सभागृहात लाथा झेलल्या जात असताना लोक उभे राहून किंचाळत होते, आणि त्या आवाजाने वाँगला कसलीच मदत झाली नाही.